पंचविसावी कामटी

माझ्या आत्याला सगळे मोजणीबाई म्हणतात, आणि ते काही नुसतं कौतुकानं नाही. ती दिसेल ते मोजते. जिन्याच्या पायऱ्या, दोरीवरचे कपडे, समोरच्याच्या शर्टाची बटणं. तरुणपणी एक जण तिला लग्नाचं विचारायला घरी आला होता, तर त्याचा चहा संपताच आत्या म्हणाली, "तुम्ही अकरा बिस्किटं खाल्लीत." तो पुन्हा त्या गल्लीत फिरकला नाही. बाबा, म्हणजे आत्याचा धाकटा भाऊ, ही गोष्ट अजून जेवताना सांगतात आणि आत्या दर वेळी दुरुस्त करते, "बारा. एक खिशात घातलं होतं त्यानं."

या मोजण्याचं मूळ तिच्या कामात आहे. ती बांबूच्या टोपल्या विणते. टोपलीचं बूड बांधताना बारा लांब कामट्या, म्हणजे बांबूच्या उभ्या चिरलेल्या पट्ट्या, एकमेकींवर चक्रासारख्या मांडायच्या. मधे त्या घट्ट आवळल्या की भोवती चोवीस टोकं होतात. मग एक पातळ पट्टी घ्यायची आणि एका टोकाच्या वरून, पुढच्याच्या खालून, पुन्हा वरून, अशी गोल फिरवायची. आता गंमत अशी की टोकं चोवीसच राहिली, तर दुसरी फेरी पहिलीच्या डोक्यावर तशीच्या तशी बसते. जिथं वरून गेली तिथं पुन्हा वरूनच. वीण धरतच नाही, बोटानं ढकलली तर सगळी निघून हातात येते. म्हणून विणायला घेण्याआधी चोविसातलं एक टोक उभं चिरून त्याची दोन करायची. झाली पंचवीस. मग दुसरी फेरी पहिलीच्या बरोबर उलट पडते आणि टोपली उभी राहते. सगळी टोपली त्या एका चिरण्यावर असते. लहानपणी मी आत्याला विचारायचे की पंचविसावी कामटी कुठाय, ती मला कधीच सापडायची नाही, आणि आत्या खूश व्हायची.

मी स्वतः छापखान्यात मुद्रितं तपासते. चुका शोधणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे आणि तो घरी आल्यावर बंद होत नाही, असं माझ्या नवऱ्याचं म्हणणं. त्याचं खरं असेल. पण मी चुका शोधणारी नसते तर मला ते दिसलंच नसतं, आणि कधी कधी वाटतं, दिसलं नसतं तर फार बरं झालं असतं.

मला ते दिसलं तीन महिन्यांपूर्वी. छापखाना आत्याच्या घरापासून दोन गल्ल्यांवर आहे, त्यामुळे सकाळी कामावर जाताना मी तिच्याकडे डोकावते. तिची पद्धत अशी: पहाटे उठून दोन-तीन बुडं बांधायची, ती ओल्या पोत्याखाली झाकून ठेवायची आणि मग आंघोळीला जायचं. त्या दिवशी ती न्हाणीघरात होती. मी पोतं उचललं, सवयीनं टोकं मोजली. चोवीस. पुन्हा मोजली. चोवीसच. म्हटलं, चिरायची राहिली असेल, चिरेल नंतर. पण ती आंघोळ करून आली, बसली आणि सरळ विणायलाच घेतलं. दुसऱ्या फेरीला अडकली. बुडाकडे नुसती बघत राहिली, मग ते बाजूला टाकलं आणि म्हणाली, "बांबू खराब आलाय यंदा."

बांबू अगदी चांगला होता.

पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच झालं. तेव्हा मी अगदी सहज, पाणी पिता पिता विचारावं तसं विचारलं, "आत्या, कामटी चिरलीस का गं?" तिनं हातातलं काम खाली ठेवलं. रागावली असती तर चाललं असतं, राग तिच्या नाकावरच असतो. पण ती रागावली नाही. खिडकीशी जाऊन बसली आणि दोन दिवस तिनं सुरीला हात लावला नाही. जेवायला वाढलं तर जेवली, नाही वाढलं तर तिला आठवलं नाही. तिसऱ्या दिवशी बाबा जाऊन तिच्याशी भांडले, कशावरून तरी, मुद्दामच, तेव्हा कुठं ती ताळ्यावर आली.

त्यानंतर मी तिला काही विचारलं नाही. रोज सकाळी ती न्हाणीघरात गेली की पोतं उचलायचं, टोकं मोजायची आणि चोवीस भरली तर एक चिरून ठेवायची. चपला न काढता, चोरासारखी. आतून पाण्याचा आवाज येत असायचा. बहुतेक दिवस बुडं बरोबरच असायची. पण सात वेळा ती चोवीस निघाली, आणि सातही वेळा मी ती पंचवीस केली. आत्याला काही कळलं नाही. उलट ती म्हणाली, "बांबू सुधारला बघ."

बाबांना मी सांगितलं, तर म्हणाले, "वय झालंय तिचं. मीही चष्मा शोधतो डोक्यावर ठेवून."

"बाबा, हा चष्मा नाही."

"मग काय करू म्हणतेस?" ते माझ्यावरच डाफरले. "जाऊन सांगू तिला?"

तर अशी आमची अळीमिळी गुपचिळी चालली असताना मेळ्याचं पत्र आलं.

आमच्याकडे दरवर्षी मोठ्या मैदानावर मेळा भरतो. मातीची भांडी, लाकडाची खेळणी, फुंकलेली काच, लोकरीच्या घोंगड्या, एका बाजूला खाण्याच्या गाड्यांची रांग आणि दुसऱ्या टोकाला गाण्याबजावण्याचं, नाचाचं व्यासपीठ. दहा दिवस नुसता गजबजाट असतो. आत्या तिथं एकोणीस वर्षं बसते आहे, मागच्या रांगेत, पाण्याच्या टाकीजवळ. तिथं चिखल होतो आणि गिऱ्हाईक चुकूनच येतं, पण तिनं कधी जागा बदलून मागितली नाही. आणि यंदा पत्रात लिहिलं होतं की मेळ्याची सुरुवात मोजणीबाईंच्या प्रात्यक्षिकानं होईल. मधल्या चौथऱ्यावर, सगळ्यांसमोर, तासाभरात एक टोपली.

आत्यानं ते पत्र मला चारदा वाचायला लावलं. चौथ्यांदा म्हणाली, "नव्वद शब्द आहेत." मग तिनं ते घडी घालून पीठ ठेवायच्या डब्याखाली ठेवलं आणि दिवसभर काहीतरी गुणगुणत राहिली. माझ्या मात्र तोंडचं पाणी पळालं.

मला भीती एकाच गोष्टीची होती. लोक हसतील ही नव्हे. लोक हसतात आणि चहा पिऊन विसरतात. भीती ही होती की तिथं चौथऱ्यावर बूड चुकणार, आणि तिथं बांबूला नावं ठेवता येणार नाहीत. तिथं आत्याला कळणार. चुलीवर दूध उतू गेलं तरी हातातली फेरी न चुकवणारी बाई, तिला शेकडो लोकांसमोर कळणार की आपलं मोजणं आपल्या हातातून जातंय. घरी मी एकदा साधं विचारलं तर दोन दिवस गेले होते. या वेळी ती परत आलीच नाही तर? पंधरा दिवस हा एकच विचार माझ्या डोक्यात. छापखान्यात मी एका लग्नपत्रिकेत नवऱ्या मुलाच्या नावाच्या जागी त्याच्या वडिलांचं नाव जाऊ दिलं. मालक म्हणाला, "बाई, तुम्हाला सुट्टी हवी असेल तर घ्या, पण असली लग्नं लावू नका."

मी सुट्टी घेतली आणि आत्याला म्हटलं, मी चौथऱ्यावर तुझ्या शेजारी बसते. पाणी शिंपडायला, पट्ट्या हातात द्यायला.

"मला कधी लागलंय का कोणी?"

"मलाच जरा मिरवायचंय गं," मी म्हणाले. हे तिला पटलं.

मेळ्याच्या सकाळी आम्ही दोघी कामट्यांची मोळी घेऊन पोचलो तेव्हा मैदानावर पाय ठेवायला जागा नव्हती. तळणाचा वास, ढोलांची ठाकठोक, कोणाचं तरी हरवलेलं मूल आणि त्याच्या नावाचा पुकारा. चौथरा कमरेएवढा उंच होता, त्याला तिन्ही बाजूंनी लोक चिकटलेले. आत्यानं चटई अंथरली, मांडी घातली आणि समोर बघून म्हणाली, "पहिल्या रांगेत एकतीस." तिचे हात अगदी स्थिर होते. मी माझे मांडीखाली दाबून ठेवले होते.

निवेदक चकचकीत कोट घातलेला एक तरुण होता, त्याला सगळे माइकवाला म्हणत. त्याला एका जागी उभं राहता येत नव्हतं. "तर मंडळी, मोजणीबाई! मोजणीबाई, सांगा बघू, माझ्या कोटाला बटणं किती?"

"पाच," आत्या वर न बघता म्हणाली. "आणि एक तुटलंय."

लोक खदखदून हसले. मला पण हसू आलं, पंधरा दिवसांत पहिल्यांदा. आत्यानं बारा कामट्या मांडल्या, आवळल्या. बूड सुरेख बसलं. आता चिरायची, मी मनात म्हणत होते, आता चीर, आत्या, आता. नजर तिच्या सुरीवर. आणि नेमका त्याच वेळी माइकवाला मागे सरकला आणि त्याचा पाय माझ्या बादलीला लागला. सगळं पाणी चौथऱ्यावरून खाली, पुढच्या एकतीस जणांच्या अंगावर. आरडाओरडा, हशा. कामट्या ओल्या ठेवाव्याच लागतात, वाळल्या की मोडतात. आत्या म्हणाली, "ऊठ, आण भरून."

मी बादली घेऊन पळाले. टाकीपाशी रांग होती. मी रांग मोडली, शिव्या खाल्ल्या, अर्धी बादली वाटेत सांडत परत आले. दोन मिनिटं, फार तर तीन. चौथऱ्यावर चढले तर आत्याच्या हातात पातळ पट्टी आणि ती पहिली फेरी सुरू करणारच होती.

मी डोळ्यांनी मोजलं. चोवीस. पुन्हा मोजलं. ढोल वाजत होते, माइकवाला बोलत होता. चोवीसच.

"थांब, पाणी मारते," मी कसंबसं म्हणाले आणि वाकले. तेवढ्यात माइकवाल्यानं विचारलं, "मोजणीबाई, किती वर्षं झाली या कामाला?" आत्या त्याच्याकडे वळली. सुरी चटईवर होती. मी एका हातानं पाणी शिंपडत दुसऱ्या हातानं माझ्याकडचं एक टोक धरलं आणि चर्रकन चिरलं. सराव झाला होता ना तीन महिन्यांचा. कोणाला काही दिसलं नाही. मी मागे टेकून बसले आणि माझा जीव भांड्यात पडला. इतकं हलकं वाटलं की मी पहिल्या रांगेतल्या एका अनोळखी बाईकडे बघून हसलेसुद्धा.

आत्यानं पहिली फेरी घातली. दुसरीला सुरुवात केली आणि तिचा हात थबकला.

तिनं पट्टी दोन टोकं मागे घेतली, पुन्हा पुढे नेली. पुन्हा थबकली. मग पूर्ण फेरी उसवली आणि नव्यानं घातली. दुसरी फेरी पुन्हा तशीच, पहिलीच्या डोक्यावर. "मोजणीबाई जरा विचारात पडल्या आहेत," माइकवाला म्हणाला. कोणी तरी हसलं. तिनं तिसऱ्यांदा उसवलं. आता तिच्या वरच्या ओठावर घाम होता. आजूबाजूची कुजबूज वाढत गेली.

मला काहीच उमगेना. पंचवीस आहेत, मी स्वतः केलीत, मग का धरत नाही? आणि मग आत्यानं टोकं एकेक करून बोटानं बाजूला करायला सुरुवात केली, आणि तिच्या पलीकडच्या बाजूचं एक टोक उलगडून दोन झालं. ओली कामटी चिरली की तिची दोन्ही अर्धुकं एकमेकांना चिकटून राहतात. वरून बघणाऱ्याला ती एकच दिसते, विणणाऱ्याच्या बोटांना मात्र दोन लागतात. हे मला लहानपणापासून माहीत होतं.

मी पाण्याला गेले होते तेव्हा आत्यानं कामटी चिरली होती. तिला आठवलं होतं. कोणी न सांगता, सगळ्या गोंगाटात, बादली सांडलेली असताना, तिला आठवलं होतं. आणि मी ती पंचविसाची सव्वीस केली होती.

"सव्वीस," आत्या म्हणाली. अगदी हळू. "दोन चिरल्यात मी." तिनं एकदा एका टोकाकडे बघितलं, एकदा दुसऱ्या. "मला वाटतंय, मी एकच चिरली होती. मला आठवतंय तसं. पण दोन आहेत." मग माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता. ती मला विचारत होती. "चिरली आणि विसरले, होय गं? आणि परत चिरली?"

मी त्या क्षणी गप्प बसू शकले असते. हे मी इथं कबूल करते. गप्प बसले असते तर आजची एक चूक तिच्या नावावर गेली असती, पण मागच्या सात तिला कधीच कळल्या नसत्या. आणि बोलले तर आजची तिच्या नावावरून निघणार, आणि सात जमा होणार. माझ्या धंद्यात चूक दिसली की लाल पेन्सिलीनं खूण करायची, झालं. इथं खूण कुठं करायची ते मला कळत नव्हतं. पण ती माझ्याकडे बघत होती, आणि त्या नजरेला खोटं उत्तर देणं मला जमलं नाही.

"आत्या, दुसरी मी चिरली."

"तू?"

"मी मोजली, चोवीस दिसली. मला वाटलं, तू विसरलीस."

"मला का नाही विचारलंस?"

तिनं माइकवाल्याच्या दिशेनं तळहात दाखवून त्याला लांब थांबवलं आणि माझ्याकडे सरकली. "घरीसुद्धा करतेस का हे?"

"हो."

"कधीपासून?"

"तीन महिने."

"किती वेळा?" ती म्हणाली. मोजणीबाईच ती, आकडा विचारल्याशिवाय कशी राहील.

"सात."

तिनं चटईवरची सुरी उचलून हातात धरली. व्यासपीठावर नाच सुरू झाला होता, घुंगरांचा आवाज येत होता, आणि आमच्या समोरचे काही लोक तिकडे निघालेही होते. मला वाटलं, आता ती उठणार. सुरी टाकून उठणार, खिडकीशी जाऊन बसणार आणि पुन्हा येणार नाही.

"सात मी विसरले," ती शेवटी म्हणाली. "पण आज नाही ना विसरले?"

"नाही, आत्या. आज नाही."

"मग तेवढं सांग सगळ्यांना. मोठ्यानं."

मी माइकवाल्याच्या हातातून माइक घेतला. माझा आवाज इतका चिरकला की मलाच ओळखू आला नाही. "चूक माझी आहे," मी म्हणाले. "मी मधेच कामटी चिरली. आत्याची मोजणी बरोबर होती." लोक हसले, एकानं शिट्टी मारली, आणि माइकवाला म्हणाला, "भाचीबाई, तुमची जागा पाण्याच्या बादलीपाशी!" मला त्याचं काहीच वाटलं नाही.

आत्यानं मी चिरलेली दोन्ही अर्धुकं पुन्हा एकमेकांवर बसवली, बुडाशी दोऱ्यानं गुंडाळून एक केली. पहिली फेरी घातली. दुसरी सुरू केली, आणि ती बरोबर उलट पडली, जिथं खालून तिथं वरून. वीण धरली.

आणि तिचे हात थांबले. काही चुकलं नव्हतं, तरी थांबले. तिनं टोपली माझ्याकडे वळवली.

"बघ गं," ती म्हणाली. "बरोबर आहे ना?"

माझ्या आयुष्यात तिनं हे कोणाला विचारलेलं मी ऐकलं नव्हतं. बाबांना नाही, गिऱ्हाइकाला नाही. "बरोबर आहे," मी म्हणाले. तिनं तिसरी फेरी घातली, थांबली, टोपली वळवली. "बरोबर?" मी म्हटलं, बरोबर. चौथी. पाचवी. जे हात चुलीवरचं दूध उतू गेलं तरी थांबत नसत, ते आता दर फेरीला थांबून माझी वाट बघत होते.

लोकांना वाटलं, हे आमचं ठरवून चाललंय. मघाची गडबड, ही विचारपूस, सगळा खेळच आहे. त्यांना ते फार आवडलं. सातव्या-आठव्या फेरीपासून आत्या टोपली वळवायची आणि मी तोंड उघडायच्या आत तिन्ही बाजूंनी सगळे ओरडायचे, "बरोबर!" माइकवाला उड्या मारत होता, नाच बघायला गेलेले लोक परत येत होते. आत्या त्यांच्याकडे बघून हसायची आणि मग पुन्हा माझ्याकडे बघायची, मी काय म्हणते ते ऐकायला.

मी दर वेळी हो म्हणत होते. टोपली मला नीट दिसतही नव्हती.